भूतकाळ बदलता आला असता, तर बदलावा का?

पन्नाशीतले एक गृहस्थ हा प्रश्न घेऊन समुपदेशनाला आले. (हे प्रकरण एकाच माणसाचं नाही. याच गाठीत अडकलेल्या अनेकांचे तपशील त्यात एकत्र केले आहेत.) बारा वर्षांपूर्वी त्यांनी राहतं घर गहाण ठेवून मित्राच्या धंद्यात पैसे घातले. पत्नी नको म्हणत होती. धंदा बुडाला, घर गेलं. आईची शेवटची दोन वर्षं भाड्याच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर गेली. जिना उतरणं तिला जमत नव्हतं. त्याच हलाखीत ते प्रार्थनेकडे वळले, दारू सुटली, मुलांशी धड बोलणं सुरू झालं.

"बदललं असतं म्हणालो, तर देवानं दाखवलेली वाट नाकारल्यासारखं होतं. नसतं बदललं म्हणालो, तर आईचे हाल मला मंजूर होते असं होतं."

अशा वेळी उत्तर शोधायची घाई करू नये. आधी झोप, भूक, कामातलं लक्ष कसं आहे ते विचारावं. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी हवी. मरणाचे विचार येतात का, हेही थेट विचारावं. विचारल्यानं तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आणि असे विचार येत असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मदत मिळवावी.

या गृहस्थांना तसा धोका नव्हता, पण झोप मोडत होती. त्यांच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतले होते: माझी चूक किती, आईचं दुःख कुठे ठेवू, आणि देवाला यातून काय हवं होतं? तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. एकत्र ठेवले तर कुठलाच सुटत नाही.

चुकीपासून सुरुवात केली. कागदावर दोन रकाने: सही केली त्या दिवशी मला काय ठाऊक होतं, आणि काय नंतर कळलं. नियम एकच, डावीकडच्या प्रत्येक ओळीपुढे ते कधी आणि कसं कळलं ते लिहायचं. हा नियम नसला की नंतरचं शहाणपण हळूच डाव्या रकान्यात शिरतं. बारुख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये हेच दाखवलं होतं: शेवट कळल्यावर तो आधीच दिसत होता असं माणसाला वाटू लागतं, आणि आपलं मत बदललंय हे त्याला जाणवतही नाही. मित्रानं लपवलेलं जुनं कर्ज अर्थातच उजवीकडे गेलं. पण दोन गोष्टी डावीकडेच राहिल्या. पत्नीचा नकार, आणि बँकेनं त्या मित्राला कर्ज नाकारलं होतं ही माहिती. ती त्यांना होती आणि त्यांनी घरी सांगितली नव्हती.

इथे बरेच हितचिंतक घसरतात. "तुमची काहीच चूक नव्हती" असं म्हणून मोकळे होतात. ज्याला आपली चूक माहीत आहे त्याचा अशा दिलाशावर विश्वास बसत नाही, आणि पुढे तो मनातलं सांगायचंच थांबवतो.

मग जबाबदारीचं वर्तुळ काढलं, म्हणजे घडलेल्याला कोण किती कारण ठरलं याचे वाटे दाखवणारं. आधी विचारलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या नावावर ९० टक्के टाकले होते. वर्तुळात स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी भरायचा असतो. आधी भरला की बाकीच्यांना जागाच उरत नाही. कर्ज लपवणारा मित्र ३०, बाजारातली मंदी १५, पुरती चौकशी न करता पैसे देणारा सावकार १०. उरले ४५. हा आकडा काही मोजमाप नव्हे. पण ४५ टक्क्यांची माफी मागता येते. ९० टक्क्यांखाली माणूस नुसता दबून राहतो.

माफी पत्नीची मागायची होती. बारा वर्षांत ते दहा वेळा "माझं नशीबच खोटं" म्हणाले होते, माफी एकदाही नाही. माफीत चार गोष्टी असाव्यात: मी नेमकं काय केलं, त्यानं तुला काय सोसावं लागलं, यापुढे काय वेगळं करीन, आणि क्षमा करायची की नाही हे तुझ्यावर. "पण तेव्हा परिस्थितीच तशी होती" हे वाक्य आलं की सगळं वाया जातं. त्यांनी पुढची ठोस गोष्ट दिली ती अशी, की कुठलंही कर्ज किंवा गुंतवणूक दोघांच्या सहीशिवाय होणार नाही. पत्नी लगेच विरघळली नाही. तसं होईल ही अपेक्षा आधीच काढून टाकलेली बरी.

आईचं दुःख वेगळं. बोलता बोलता लक्षात आलं की त्यांना सही जितकी सलत होती, त्याहून जास्त न बोललेलं सलत होतं: "मी तिला कधी विचारलंच नाही, तुला इथे कसं वाटतं." काळ लोटला की केलेल्यापेक्षा न केलेलं जास्त बोचतं, असं गिलोविच आणि मेडवेक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९० च्या दशकातल्या अभ्यासांतही दिसलं होतं. इथे न पाठवायचं पत्र उपयोगी पडतं. रोज १५ ते २० मिनिटं, सलग तीन-चार दिवस, शुद्धलेखनाची पर्वा न करता. लिहून झाल्यावर काही वेळ मन आणखी जड होतं, म्हणून झोपायच्या आधी लिहू नये. जडपणा दिवसभर टिकला तर लेखन थांबवून आधी बोलावं.

आता देवाचा प्रश्न. त्याचं उत्तर समुपदेशकानं देऊ नये. "हे सगळं चांगल्यासाठीच झालं" असंही म्हणू नये आणि "देवाचा काय संबंध" असंही नाही. ऐकायचं ते एवढं, की या माणसाचा देव त्याच्या सोबत उभा आहे की शिक्षा करतोय. धर्म आणि मानसशास्त्राचे अभ्यासक केनेथ पार्गमेंट यांनी हा फरक महत्त्वाचा मानला. देवानं टाकलं किंवा तो शिक्षा करतोय असं वाटत राहणाऱ्यांना मनाचा त्रास अधिक होताना दिसतो. या गृहस्थांना विचारलं, "तुमच्या प्रार्थनेत तक्रारीला जागा आहे का?" ते बराच वेळ गप्प राहिले. त्यांनी आजवर फक्त आभार मानले होते.

मूळ गाठ तिथे होती. हलाखीत जे मिळालं त्याबद्दल कृतज्ञ असणं म्हणजे हलाखीबद्दल कृतज्ञ असणं नव्हे. प्रार्थना मिळाली म्हणून आईचे हाल योग्य ठरत नाहीत, आणि हाल वाईट होते म्हणून प्रार्थना खोटी ठरत नाही. दोन्ही विधानं एकमेकांशेजारी उभी राहू शकतात, एकानं दुसऱ्याची किंमत चुकवायला नको. आमच्या मते असल्या प्रश्नांतला निम्मा त्रास असा हिशेब जुळवण्याच्या हट्टातून येतो. विश्वासातल्या धर्मोपदेशकाशी बोलणंही इथे चांगलं, मात्र ते आधी ऐकून घेणारे असावेत.

रात्रीचे विचार उरलेच. त्यांच्यासाठी संध्याकाळची २० मिनिटं, ठरावीक खुर्ची, झोपेपासून दूरची वेळ. रात्री विचार आला की एक ओळ टिपायची आणि उद्याच्या वेळेवर ढकलायचा. त्या वेळात "माझ्याच बाबतीत असं का?" हा प्रश्न बाजूला ठेवून "यातलं उद्या काय करता येईल?" एवढंच लिहायचं. पहिला आठवडा बहुधा फसतो, कारण लोक २० मिनिटांचा तास करतात. गजर लावावा.

शेवटच्या भेटीत त्यांना तोच प्रश्न पुन्हा विचारला. म्हणाले, "घर वाचवलं असतं. आईसाठी. प्रार्थना दुसऱ्या कुठल्या वाटेनं आली असती का, ते मला माहीत नाही, आणि ते माहीत नसलं तरी आता चालतं." आईच्या स्मृतिदिनाच्या आसपास जुने विचार पुन्हा उसळतील, हे त्यांना आधीच सांगून ठेवलं आहे. त्या आठवड्यात २० मिनिटांची वेळ पुन्हा सुरू करायची, आणि पत्नीला ते सांगायचं.