तिला हळवी म्हणू नका

पत्र: मी पुण्यात नोकरी करतो, मूळ गाव शहाद्याजवळ. मुलगी अकरावी सायन्सला आहे, दहावीला ८४ टक्के. चार वर्षं घोडेस्वारी शिकते, ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली आणि हालचाली करून घेण्याच्या स्पर्धेत, ज्युनिअर गटात बक्षिसं आहेत. गेल्या महिन्यात प्रशिक्षकांनी घोड्याला ड्रॉ रेन लावून हनुवटी छातीला टेकेपर्यंत ओढून धरायला सांगितली आणि स्वतः खाली उभे राहून लांब चाबकाने त्याच्या पायांवर मारलं. मुलगी उतरली ती परत गेलीच नाही. आजवर सहा-सात लाख खर्च झाला आहे. प्रशिक्षक म्हणतात, मुलगी फार हळवी आहे, वरच्या पातळीवर टिकणार नाही. आमच्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे नाचतात, ते काय लाडाने नाचतात? तिचा हळवेपणा कसा घालवायचा आणि या खेळात करिअर होईल का, ते सांगा.

उत्तर:

तुमच्या पत्रात प्रशिक्षकांचं मत आहे, तुमचं मत आहे, खर्चाचा आकडा आहे. मुलीचं म्हणणं मात्र कुठेच नाही. चार वर्षं भल्या पहाटे उठून पागेत जाणारी मुलगी एके दिवशी घोड्यावरून उतरते आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही, तेव्हा तिने काय पाहिलं हे घरात कोणी विचारलं का? मला काळजी वाटते ती याची. ८४ टक्क्यांची अजिबात नाही.

हळवेपणा घालवायचा उपाय मी सांगणार नाही, कारण तुम्ही सांगता त्या प्रसंगात मला हळवेपणा दिसत नाही. त्या दिवशी घोड्याचं काय होत होतं ते पाहू. ड्रॉ रेनचा पट्टा खोगिराच्या तंगाला बांधलेला असतो. तिथून तो बिटच्या, म्हणजे तोंडात बसणाऱ्या लगामाच्या दांडीच्या, कडीतून जाऊन स्वाराच्या हातात येतो. फिरत्या कप्पीचं हे तत्त्व अकरावीच्या मुलीला माहीत असतं: हाताने जेवढं ओढाल त्याच्या जवळजवळ दुप्पट जोर तोंडावर पडतो. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याच्या जबड्यात मोकळी जागा असते, तिथे ही बिट बसते. तिथे हाडावर हिरडीचं पातळ आवरण असतं, बाकी काही नाही. हनुवटी छातीकडे ओढली की घशाजवळचा कोन मिटतो, श्वासाची वाट अरुंद होते, मानेच्या वरच्या बाजूचा स्नायुबंध ताणला जातो आणि घोड्याला पुढचं दिसायचं थांबून स्वतःच्या पायांजवळची जमीन दिसू लागते. अशा स्थितीत लगाम सांगतो ‘थांब’ आणि पायांवरचा चाबूक सांगतो ‘चल’. दोन्ही हुकूम एकाच वेळी पाळता येत नाहीत. मग घोडा एकतर मागच्या पायांवर उभा राहतो, नाहीतर विरोध सोडून देऊन गप्प होतो. पहिल्या प्रकारात पाचशे किलोचं जनावर तुमच्या मुलीच्या अंगावर उलटू शकलं असतं. ती उतरली ते तिच्या सुरक्षिततेसाठीही बरोबरच होतं.

मान जबरदस्तीने अशी वळवण्याच्या या पद्धतीला रोलकूर म्हणतात. २००९ मध्ये एका स्पर्धेच्या सरावात घोड्याची जीभ निळी पडलेली चित्रफितीत दिसली आणि मोठा गदारोळ झाला. २०१० मध्ये अश्वारोहणाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे एफईआयने, बळ वापरून मान वळवणं अमान्य ठरवलं. जोर न लावता मान खाली आणि गोल ठेवण्याला मात्र सरावात थोडा वेळ मुभा ठेवली. वाद त्यानंतरही चालूच आहे. थोडा वेळ, हलक्या हाताने केलेल्या या व्यायामाने पाठ सैल होते, असं काही नामवंत प्रशिक्षक म्हणतात. दुसऱ्या बाजूचे लोक विचारतात की हलका हात आणि जबरदस्ती यांतली रेषा सराव मैदानाच्या कडेला उभा असलेला पंच कशी ओळखणार? मला दुसरी बाजू पटते. तुमच्या मुलीसमोर जे घडलं ते तर पहिल्या बाजूच्या व्याख्येतही बसत नाही. ड्रेसाज स्पर्धेच्या ठिकाणी ड्रॉ रेन सरावालाही चालत नाही, हे त्या प्रशिक्षकांना माहीत असणारच.

‘वरच्या पातळीवर टिकणार नाही’ या वाक्याचा समाचार इथेच घेतो. वरच्या पातळीवर हल्ली काय होतं ते बघा. ब्रिटनची शार्लट डुजार्डिन ही ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं मिळवलेली ड्रेसाजपटू. जुलै २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर तिची एक जुनी चित्रफीत बाहेर आली. एक शिकाऊ स्वार घोड्यावर बसली आहे आणि डुजार्डिन खालून लांब चाबकाने घोड्याच्या पायांवर मारते आहे. तिने ऑलिंपिकमधून माघार घेतली. एफईआयने एक वर्षाची बंदी आणि १० हजार स्विस फ्रँक दंड केला. तुमच्या पत्रातला प्रसंग आणि हा प्रसंग यांत मला फारसा फरक दिसत नाही. टोकियो ऑलिंपिकच्या मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये, म्हणजे पाच खेळांच्या एकत्र स्पर्धेत, जर्मनीच्या खेळाडूला चिठ्ठीने मिळालेला घोडा उडी घेईना, ती रडत चाबूक मारत राहिली, तिच्या प्रशिक्षिकेने घोड्याला मुठीने मारलं आणि त्या प्रशिक्षिकेला ऑलिंपिकमधून बाद केलं गेलं. पुढे त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकली गेली, पॅरिसनंतर तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत आली. ज्या रीतींना तुमचे प्रशिक्षक टिकण्याची अट मानतात, त्याच रीती या खेळाचं ऑलिंपिकमधलं स्थान धोक्यात आणत आहेत.

आता सारंगखेड्याबद्दल. मारल्याशिवाय घोडा शिकत नाही हा समज मोडायलाच हवा, कारण तो जनावर शिकतं कसं याविषयीच चुकीचा आहे. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटल्याने शिकतो. स्वाराने पोटरी हलकी दाबली, घोड्याने पाऊल पुढे टाकलं आणि त्याच क्षणी पोटरी सैल झाली, की त्याला कळतं: पाऊल टाकणं हे उत्तर होतं. दाब दोन-तीन सेकंद उशिरा सुटला तर तोवर घोडा आणखी काहीतरी करून बसलेला असतो आणि तेच शिकतो. मारण्यात सगळा घोटाळा इथेच होतो. फटका उत्तरानंतर पडतो, रागाच्या भरात पुन्हा पडतो, उत्तर बरोबर आलं तरी थांबत नाही. घोडा घाबरतो, आणि घाबरलेलं जनावर पळायची वाट शोधतं, नवं काही शिकत नाही. वाट न सापडल्यास ते हतबल होऊन स्थिर उभं राहतं आणि बघणाऱ्याला वाटतं, किती आज्ञाधारक! यात्रेत आणि वरातीत नाचणारे अनेक घोडे लाडाने नाचत नाहीत हे तुमचं म्हणणं खरं आहे. त्यांच्या तोंडात काटेरी लगाम असतो, म्हणून लगाम जरा हलला की मान वर जाते आणि पाय थयथयतात. पण हा तुमच्या बाजूचा पुरावा होत नाही. काटे किंवा टोकं असलेली बिट वापरायला आपल्या देशात १९६५ च्या नियमांनीच मनाई आहे. काही घोडेवाले काटेरी लगामाशिवायही शिकवतात. पुढच्या दत्तजयंतीला तापीकाठी जाल तेव्हा लगामाच्या आत नक्की बघा.

घोड्यावर बसूच नये, असंही काही प्राणिप्रेमी म्हणतात. मी तिथवर जात नाही. नीट शिकवलेला, पोटभर चारा मिळालेला, पाठ न दुखणारा घोडा स्वाराबरोबर मनापासून काम करतो. पण त्यांच्या आक्षेपाला उत्तर द्यायची जबाबदारी घोड्यावर बसणाऱ्यांची आहे, आणि तुमच्या मुलीने ते स्वतःच्या वागण्यातून दिलं आहे.

सहा-सात लाखांबद्दल स्पष्ट बोलतो. ते खर्च झाले, परत येणार नाहीत, आणि ते वसूल करण्याचं काम मुलीचं नाही. ‘एवढा खर्च केला’ हे वाक्य तिच्यासमोर पुन्हा काढू नका. त्या वाक्यामुळेच मुलं नको त्या प्रशिक्षकाकडे वर्षानुवर्षं मुकाट राहतात.

स्वार म्हणून करिअर? २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, मुंबईचा हृदय छेडा आणि अनुश अगरवाला यांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. अश्वारोहणात भारताला ४१ वर्षांनी मिळालेलं हे सुवर्ण. हे खेळाडू युरोपात राहून, तिथले घोडे घेऊन तयार झाले. नोकरदार घराने कर्ज काढून या वाटेला जावं असं मी म्हणणार नाही. खेळाच्या गुणांच्या आशेने तर नकोच. बोर्डाच्या निकालात मिळालेले वाढीव गुण ‘नीट’ या प्रवेशपरीक्षेच्या गुणांत धरत नाहीत.

घोड्यांच्या जगात स्वारापेक्षा जास्त गरज आहे ती घोड्याचं दुखणं ओळखणाऱ्या माणसांची. ‘नीट’ देऊन बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पशुवैद्यकाची पदवी करायची, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं. महाराष्ट्रात माफसूची, म्हणजे राज्याच्या पशुविज्ञान विद्यापीठाची, महाविद्यालयं परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे आहेत. पदवीनंतर लष्कराच्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरमध्ये अधिकारी होता येतं. पुण्याच्या आसपास घोड्यांची पैदास करणारे स्टड फार्म आहेत, रेसकोर्स आहे, आणि फक्त घोडे बघणारे चांगले पशुवैद्य थोडे आहेत. घोड्याचे दात घासून सारखे करणारा, खोगीर पाठीला बसतं का ते तपासणारा, शिकलेला नालबंद, स्पर्धेत नियम पाळले जातात का ते बघणारा स्टुअर्ड, ही कामंही आहेत. त्यांचे पदवी अभ्यासक्रम आपल्याकडे फारसे नाहीत, पशुवैद्यकाची पदवी हाताशी असली की ती शिकता येतात. तिने बायोलॉजी ठेवली आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल, तर या आठवड्यात कॉलेजात जाऊन तेवढं आधी बघा.

तिला स्वारी सोडायची नसेल तर पागा बदला. नवी पागा बघायला स्पर्धेच्या दिवशी जाऊ नका, साध्या दिवशी पहाटे जा. घोड्यासमोर गवत आहे का बघा: ४५० किलोच्या घोड्याला दिवसाला किमान सात किलो कोरडं गवत लागतं. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, म्हणून सहा तासांहून जास्त उपास घडला की अल्सरचा धोका वाढतो. तीन वेळा दाणा आणि मध्ये रिकामी गव्हाण, ही आपल्याकडची सर्रास चूक आहे. मानेच्या मुळाशी, खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर खोगीर कधीतरी रुतलेलं आहे. ओठांच्या कोपऱ्यांत जुने व्रण, बरगड्यांमागे टाचेच्या काट्यांनी घासलेले केस, हेही बघा. नोजबँड, म्हणजे नाकाभोवतीचा पट्टा, बांधलेला असताना नाकाच्या हाडावर दोन बोटं आत जायला हवीत. गालाच्या बाजूने बोटं घालून दाखवली तर ती तपासणी धरू नका. घट्ट नोजबँड घोड्याचं तोंड मिटून ठेवतो आणि दुखण्याची खूण लपवतो, म्हणून एफईआयने २०२५ पासून ही फट मोजायला ठरावीक मापकच आणलं. शेवटी प्रशिक्षकांना विचारा: घोडा ऐकत नसेल तर तुम्ही आधी काय करता? दात, पाठ, खोगीर, नाल तपासतो, असं उत्तर आलं तर पुढे बोला. ‘आधी जरा खोड मोडतो’ म्हणाले तर तिथूनच परत या.

यापुढचं तिला वाचायला द्या.

बाळ, तू उतरलीस ते बरोबर केलंस. त्या दिवशीची तारीख, घोड्याचं नाव, कोणतं साहित्य लावलं होतं, किती वेळ चाललं आणि कोण हजर होतं, हे आठवतंय तोवर लिहून काढ. सोशल मीडियावर टाकू नकोस. लेखी तक्रार बाबांच्या सहीने क्लबच्या समितीकडे आणि भारतीय अश्वारोहण महासंघाकडे जाऊ दे. कायदाही आहे, पण १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, त्यामुळे खेळाच्या संघटनेकडची तक्रार जास्त उपयोगाची. घोडा बोलत नाही, पण दाखवतो. ब्रिटनमधल्या पशुवैद्य स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये, स्वार बसलेला असताना दिसणाऱ्या २४ लक्षणांची यादी मांडली: कान मागे पडून राहणं, तोंड उघडत-मिटत राहणं, शेपूट सतत झटकणं, एकटक ताणलेली नजर. आठ किंवा जास्त दिसली तर कुठेतरी दुखत असण्याची शक्यता मोठी. ती यादी मिळव, पागेत उभी राहून वहीत खुणा करायला शिक. तुझी नजर तयार आहे, तिला आता नावं आणि मापं हवीत.

परत बसायचं की नाही हे तू ठरव, घाई नाही. बसलीस तर आठवड्यातल्या दोन सकाळी पुरेत, आणि नव्या जागी पहिले तीन महिने स्पर्धा नको. बारावीच्या जानेवारीपासून नीट होईपर्यंत स्वारी बंद ठेव.