हॉटेल दाखवू नका, घरच दाखवा

ताई, तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. लेकीच्या मैत्रिणीच्या घरचं आयर्लंडमधल्या काउंटी (म्हणजे जिल्हा) क्लेअरहून आमंत्रण, आणि इथला व्हिसा एजंट म्हणतोय की अर्जात त्यांच्या घरी राहणार असं दाखवू नका, हॉटेलं दाखवा, मधला मोकळा दिवसही काहीतरी टाकून भरा. जवळजवळ हेच आम्हाला ऐकवलं होतं. तुमचा एजंट तोच की काय, देव जाणे. नाव लिहीत नाही.

पासपोर्ट, बँक स्टेटमेंट, विमा हे तुम्हाला ठाऊकच असणार. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा, आयर्लंडला चालत नाही, हेही. मी काही व्हिसातली तज्ज्ञ नाही, नियम बदलत असतात, तेव्हा आयरिश इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर ताडून बघा. पण या एका बाबतीत मी हट्टाने सांगेन.

आमची लेक गॉलवेला शिकत होती. तिच्यासोबत भाड्याच्या घरात राहणाऱ्या आयरिश मुलीच्या आईवडिलांनी, एनिस्टायमनजवळ त्यांचं घर आहे, आम्हाला रीतसर पत्र पाठवलं होतं. ओळख कशी, कोणत्या तारखांना, राहणार कुठे, सगळं त्यात होतं. सोबत पासपोर्टच्या पानाची प्रत आणि विजेचं बिल. एजंटच्या ऑफिसातल्या मुलाने हे पत्र फाइलला लावलं आणि त्यावर त्याच तारखांची डब्लिन-किलार्नीची हॉटेल बुकिंगंही लावली, पुढे रद्द करायची म्हणून. 'फाइल वजनदार दिसते मॅडम.' आता अधिकाऱ्याने खरं काय समजायचं? एका कागदावर आम्ही क्लेअरला, दुसऱ्यावर किलार्नीला. नकार आला. ऑफिसात गेलो तर 'ते आमच्या हातात नसतं'. फी गेली, तिकिटांचे पैसे गेले, आणि तो नकार कायमचा मागे लागला. पुढे इंग्लंडच्या व्हिसाच्या अर्जात पूर्वी व्हिसा नाकारला होता का, असं विचारतात आणि 'हो' लिहावं लागतं. लपवायच्या भानगडीत मात्र पडू नका.

त्याहून संताप कशाचा आला सांगू? नकाराच्या पत्रातच अपिलाबद्दल लिहिलेलं होतं. आमच्या वेळी दोन महिन्यांची मुदत होती आणि फी शून्य. ऑफिसातल्या एकानेही ते सांगितलं नाही, कारण त्यांना नवा अर्ज आणि नवी सर्व्हिस फी हवी होती! लेकीने पत्र नीट वाचलं म्हणून कळलं. अपिलात बुकिंगं कशी लागली ते सरळ लिहिलं, ती रद्द केल्याचा पुरावा जोडला, आणि वेळापत्रकात त्या तारखांपुढे 'यजमानांच्या घरी' एवढंच लिहिलं. मंजूर झालं. यजमानांच्या पत्राची एक प्रत हातातल्या बॅगेत ठेवा. व्हिसा असला तरी डब्लिन विमानतळावर कुठे राहणार, कोणाकडे, हे विचारतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, खेड्यात दिवसभर करायचं काय? काहीच नाही, हेच माझं उत्तर. मोहरचे कडे तिथून जवळ आहेत, २१४ मीटर उंच आहेत, बघाच, पण दुसऱ्या दिवशी. पाच दिवसांत अख्खा देश उरकणारी मंडळी मला कधी कळलीच नाहीत. आमचा रविवार असा गेला: सकाळी घरचे चर्चमध्ये मासला, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेला, गेले, आम्ही दोघं स्वयंपाकघरात. बाई परत आल्या त्या कोट न काढताच किटली लावायला. तिथे चहा गडद, ब्राउन ब्रेडच्या जाड कापावर लोणी असं थापतात की दाताचे ठसे उमटावेत. पहिल्यांदा नको म्हटलं तर ते धरतच नाहीत, आपल्याकडच्यासारखंच. मागच्या दाराने शेजारी न विचारता आत येतात आणि त्यांच्यासाठी पुन्हा किटली. वाळत घातलेले कपडे दिवसभर आत-बाहेर करायचे, कारण दर तासाला सर येते. मीही धावले. पाहुणी म्हणून कोणी अडवलं नाही, तेच आवडलं.

दुपारचं जेवण एकच्या सुमारास, रोस्ट. शाकाहारी असाल तर आधीच कळवा, आणि बटाटा-कोबीवर ग्रेव्ही घालू देण्याआधी विचारा, ती मांसाच्या रसाची असते.

मग टीव्हीवर हर्लिंग, तिथला काठी-चेंडूचा खेळ. क्लेअरचे रंग भगवा आणि निळा, त्यामुळे गावभर भगवे झेंडे बघून आमचे हे एकदम खूश! आजोबांनी नियम समजावले: पंधरा-पंधरा खेळाडू, चेंडू जाळ्यात गेला की गोल, म्हणजे तीन पॉइंट, आडव्या दांडीवरून गेला की एक. इतके लोक बघतात, पण खेळाडूंना पगार नाही, सोमवारी आपापल्या नोकरीवर. मध्येच आजोबांनी विचारलं, तुम्ही वराडकरांच्या गावाकडचे का? आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं मूळ गाव मालवणजवळचं वराड, आणि आमच्या ह्यांचं आजोळ मालवणचं. मग मॅच बाजूला राहिली.

अर्थात मी एकच घर पाहिलंय, तुमचं वेगळं असेल. ऐनवेळी लागतील अशा दोन गोष्टी. बाथरूमच्या छतातून दोरी लोंबत असेल तर ती शॉवरच्या विजेची, आधी ओढायची आणि आंघोळ झाल्यावर परत ओढून बंद करायची. आणि पेढे, बर्फी, आंब्याची पेटी नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून सामानात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, आंब्याला रोगमुक्तीचा दाखला लागतो. चिक्की न्या, शेंगदाण्याची. आधी मुलीकडून घरात कुणाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे का ते विचारून घ्या.

आणि बेलफास्टला जायचा मोह झाला तर, वाटेत नाका दिसत नाही म्हणून बिनधास्त जाऊ नका, तो युनायटेड किंगडम आहे. व्हिसावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटन-आयर्लंडची सामाईक व्हिसा योजना) अशी नोंद आहे का ते आधी बघा. आमच्या यजमानांच्या पत्राचा मसुदा हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नावं खोडून पाठवते.