व्हिडिओ कॉलमध्ये लेयर लावून खरंच फायदा होतो का? आमचे लीड म्हणतात नेट खराब असलं की बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) उतरवा, बास

होतो. लेयर म्हणजे व्हिडिओच्या फ्रेमचे थर पाडायचे, वरचा थर गळला तरी खालच्यावर चित्र चालतं. तुमचे लीड चुकतायत, मी हे भोगलंय म्हणून सांगतो.

2018 ला मी पुण्यात एका कंपनीत शाळांसाठी ऑनलाइन वर्गाचं ॲप करत होतो. व्हीपी8 या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) टेम्पोरल लेयर, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम त्याचे थर, आहेतच, चालू करा, असं सांगून सांगून माझा घसा बसला, पण आमच्या लीडचंही हेच पालुपद, बिट वाया जातात. ऑफिसच्या वायफायवर त्यांचा डेमो झक्कास दिसायचा, मग मीटिंगमध्ये त्यांचंच खरं.

मग आम्ही धारणीला गेलो, मेळघाटात. पुण्यातून मॅडम फळ्यावर भागाकार शिकवतायत आणि इकडे अख्खा वर्ग एका डोंगलवर. बिटरेट कधीच तळाला गेलेला, तरी पॅकेट (डेटाचे तुकडे) गळतायतच, कारण तिथे भानगड सिग्नलची होती, बिटरेट उतरवून सिग्नल थोडाच सुधारतो? एक पॅकेट गेलं की फ्रेम फाटायची, पुढची फ्रेम तिच्यावरूनच बनणार म्हणजे तीही फाटकी, असं पुढची कीफ्रेम, म्हणजे आधीच्या कशावर न टेकणारी पूर्ण फ्रेम, येईपर्यंत. बाकी 3 उरली का 8 तेच कळेना. पुढच्या बाकावरची एक मुलगी पेन्सिल वहीवर टेकवून तशीच थांबली होती, ती अजून डोळ्यासमोर आहे माझ्या.

परत आल्यावर दोन रात्री बसून तीन लेयर लावले. तळाचा सेकंदाला 7.5 फ्रेमचा, दुसरा धरून 15, तिसरा धरून 30. सगळ्यात वरच्या लेयरच्या फ्रेमवर दुसरी कुठलीच फ्रेम बनत नाही, त्यामुळे ती हरवली तर चित्र अडखळतं पण फाटत नाही. मग एफईसी (हरवलेलं भरून काढायला पाठवलेला जास्तीचा डेटा) आणि रीट्रान्समिशन (हरवलेलं पुन्हा पाठवणं) सगळं तळाच्या लेयरसाठी राखून ठेवायचं, तो पोचलाच पाहिजे. नेटएम या खराब नेटची नक्कल करणाऱ्या टूलने 5 टक्के पॅकेट गाळून जुनं आणि नवं दोन्ही शेजारीशेजारी दाखवलं तर लीड म्हणाले, "धक्के बसतायत रे." अहो बसू देत की, फळ्यावरचा आकडा तर वाचता येतोय!

तुमच्या लीडना ऑफिसच्या वायफायवरून उठवा आणि जिथे ॲप वापरणारे आहेत तिथे नेऊन बसवा, मग बिटचा हिशोब मांडू देत. एच.264 या दुसऱ्या कोडेकच्या एसव्हीसीत, म्हणजे त्याच्या लेयरवाल्या प्रकारात सुद्धा, जो 2007 पासून आहे, नीट लावलं तर बिटचा जास्तीचा खर्च 10 टक्क्यांच्या आसपास धरतात, एवढ्यासाठी अडून बसायचं?

हां, रेकॉर्डेड व्हिडिओ असेल तर यात पडू नका, तिथे बफर असतो, एचएलएस (व्हिडिओ तुकड्या-तुकड्यांनी पाठवायची पद्धत) पुरतं. आणि रेझोल्यूशनचे लेयर दोघांच्याच कॉलला फार कामाचे नाहीत, बरेच जण असतील आणि मधला सर्व्हर ज्याला झेपतील तेवढेच लेयर पुढे पाठवत असेल तर घ्या, पण त्याला व्हीपी8 पुरत नाही, व्हीपी9 सारखा रेझोल्यूशनचे लेयर जमणारा कोडेक लागेल.