टोरोंटोच्या आइस हॉकी टीमचं नाव 'मेपल लीफ्स' (मेपल झाडाची पानं) का, 'लीव्ह्ज' का नाही? आणि कॅनडात जिथे तिथे तेच पान का असतं?

आधी नावाचं सांगतो. शाळेत 'लीफ'चं अनेकवचन 'लीव्ह्ज' घोकलेल्या प्रत्येकाला हे खटकतं, मलाही टोरोंटोशेजारच्या मिसिसागाला आलो तेव्हा खटकलेलं. पण आपण 'जोतीराव फुलेंनी शाळा काढली' असंच म्हणतो, 'फुलांनी काढली' कोणी म्हणेल का? शब्द तोच, पण आडनाव झालं की तो वेगळा चालतो. इथेही तसंच आहे. १९२७ मध्ये कॉन स्माइथने टोरोंटोची सेंट पॅट्रिक्स नावाची टीम घेतली आणि तिला मेपल लीफ्स नाव दिलं. हा माणूस पहिल्या महायुद्धात लढून आलेला, आणि त्या युद्धात कॅनडाच्या सैनिकांच्या टोपीवर मेपलच्या पानाचा बिल्ला असायचा. म्हणजे नाव त्या बिल्ल्याचं आहे, झाडाच्या पानाचं नाही. एक खेळाडू तो एक 'लीफ', अख्खी टीम 'लीफ्स'.

आता सगळीकडे तेच पान का, तर बऱ्याच जणांना वाटतं की हा झेंडा फार जुना असेल. झेंडा १५ फेब्रुवारी १९६५ ला पहिल्यांदा ऑटवात संसदेवर चढला, म्हणजे आपल्या तिरंग्यापेक्षाही वयाने लहान. पान मात्र खूप आधीपासूनचं, आणि मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ते आधी फ्रेंच बोलणाऱ्यांचं होतं. १८३४ मध्ये मॉन्ट्रियलला सेंट जाँ बाप्तिस्त सोसायटी निघाली तिने ते आपली खूण म्हणून घेतलं, मग हळूहळू इंग्लिशवाल्यांनीही ते आपलं मानलं. १९२१ मध्ये देशाच्या राजचिन्हात तीन पानं आली, ती तेव्हा हिरवी होती, लाल झाली १९५७ मध्ये.

मग १९६४ चं भांडण. तोपर्यंत रेड एन्साइन वापरायचे, लाल झेंडा आणि कोपऱ्यात ब्रिटनचा युनियन जॅक. पंतप्रधान लेस्टर पिअरसन यांना देशाचा स्वतःचा झेंडा हवा होता आणि ते सांगायला ते गेले कुठे, तर विनिपेगला माजी सैनिकांच्या संमेलनात! लोकांनी हुर्यो उडवली. मला दोन्ही बाजू कळतात खरं सांगायचं तर, कारण दुसऱ्या महायुद्धात ज्यांनी रेड एन्साइनखाली मित्र गमावले त्यांना तो झेंडा उतरवायचा म्हणजे काय वाटलं असेल, पण त्याच मित्रांच्या कबरींच्या दगडांवर कोरलंय तेही मेपलचं पानच. विरोधी पक्षनेते डिफेनबेकर शेवटपर्यंत जुन्या झेंड्यासाठी भांडले. पिअरसनना स्वतःला तीन पानं आणि दोन्ही कडांना निळे पट्टे असं डिझाइन हवं होतं, शेवटी १५ खासदारांची समिती बसली. डिफेनबेकरांच्या पक्षाच्या लोकांना वाटलं की पिअरसनवाले तीन पानांनाच मत देणार, म्हणून त्यांनी एकच पान असलेल्या दुसऱ्या डिझाइनला मत दिलं, आणि पिअरसनवाल्यांनीही एकालाच दिलं, निकाल १४ विरुद्ध ०. मग १५ डिसेंबरला रात्री दोनच्या सुमारास संसदेत १६३ विरुद्ध ७८ मतांनी ठरलं.

या एका पानाच्या झेंड्याची मूळ कल्पना किंग्स्टनच्या मिलिटरी कॉलेजमधले इतिहासाचे प्रोफेसर जॉर्ज स्टॅन्ली यांची. त्यांचं म्हणणं होतं की झेंड्यावर कोणाला तोडणारी खूण नको, ना ब्रिटनची ना फ्रान्सची. मला हेच पटतं. ब्रिटनचा झेंडा ठेवला असता तर फ्रेंच बोलणाऱ्या क्यूबेक प्रांताच्या माणसाला तो आपला वाटला नसता, आणि माझ्यासारख्या साताऱ्याहून आलेल्याला तर दोन्हीकडचं काहीच नाही, पण पान म्हटलं की ते इथल्या मातीचं, इथे राहतो त्या सगळ्यांचं.

झेंड्यावरचं पान ११ टोकांचं आहे, ते कुठल्याही एका जातीच्या मेपलचं नाही. आधी त्याला १३ टोकं होती, पण वाऱ्यात झेंडा फडफडला की ती नीट दिसेनात म्हणून कमी केली. खऱ्या शुगर मेपलचं पान उचलून बघा, कितीतरी जास्त टोकं असतात. आणि शुगर मेपल देशाच्या पूर्वेकडचं झाड, पश्चिमेच्या व्हँकुव्हरकडच्या जंगलात ते आपोआप उगवत नाही, तरी झेंडा तिकडेही तोच.

तुम्ही इकडे नवीन येणार असाल तर एक कामाची गोष्ट. २०२५ मध्ये अमेरिकेने कॅनडाच्या मालावर टॅरिफ (आयात कर) लावल्यापासून दुकानात किमतीच्या शेजारी लाल पान दिसायला लागलं, 'आपल्याच देशातलं घ्या' म्हणून. मीही बघून घेतो. पण नुसत्या पानावर जाऊ नका, पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. 'प्रॉडक्ट ऑफ कॅनडा' असेल तर जवळजवळ सगळंच इथलं, आणि 'मेड इन कॅनडा' असेल तर तयार इथे झालं पण कच्चा माल बाहेरचा असू शकतो, ते शेजारी लिहिलेलं असतं.