लेकीला त्या गोष्टीच्या तासाला नेऊ का?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो. मुलगी पहिलीत आहे. इथल्या सार्वजनिक वाचनालयात येत्या शनिवारी एक ड्रॅग कलाकार, म्हणजे विग, झगमगता झगा आणि भरपूर रंगरंगोटी केलेला पुरुष, मुलांना गोष्टी वाचून दाखवणार आहे. तिच्या मैत्रिणी जाणार आहेत. नवरा म्हणतो, 'असलं काही मुलांसमोर नकोच.' सासूबाई सध्या इथेच आहेत. त्या म्हणतात, 'बालगंधर्वांचं कौतुक ऐकत वाढलो आम्ही, तुम्हाला कसला एवढा धसका?' मी काय करू?

उत्तर : सासूबाई मला आवडल्या, पण त्यांचा दाखला अर्धाच लागू पडतो. नारायणराव राजहंसांची भामिनी किंवा रुक्मिणी बघताना लोक समोर पुरुष आहे हे विसरायचे. ड्रॅगमध्ये ते विसरू द्यायचंच नसतं, सगळी गंमत तिथेच असते. त्याच्या जास्त जवळची ब्रिटनमधली नाताळची पँटोमाइम. तिथली 'डेम' म्हणजे बाईचा वेष केलेला, घोगऱ्या आवाजाचा बुवा. तो खेळ पिढ्यान्‌पिढ्या आईबाप मुलांना घेऊनच बघतात.

नवऱ्यालाही एकदम मोडीत काढू नका. आजचं बरंचसं ड्रॅग रात्रीच्या क्लबांमध्ये वाढलं. द्व्यर्थी विनोद, मादक नाच हा त्यातल्या पुष्कळ खेळांचा भाग असतो. 2022 च्या जूनमध्ये डॅलसमधल्या एका बारने मुलाबाळांसकट ड्रॅगचा खेळ ठेवला. कलाकारांच्या हातात नोटा देणारी पोरं चित्रफितींत दिसली आणि देशभर गदारोळ झाला. तसल्या ठिकाणी मी मूल नेणार नाही. तिथे नाचणाऱ्या बायका असत्या तरी नेलं नसतं.

गोष्टीचा तास हे वेगळं प्रकरण. 2015 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मिशेल टी या लेखिकेने तो सुरू केला. चित्रांची पुस्तकं, एखाददुसरं गाणं, एवढाच मामला.

मुलं गोंधळतील, ही भीती मी शिक्षकी पेशात बरीच ऐकली. मी मुलांच्या शाळेत शिकवायचे, त्यामुळे संमेलनात कैकेयी मुलगाच व्हायचा. मिसरूड फुटलेलं, पदर पिनांनी ठिकठिकाणी टाचलेला. पडदा पडला की बालवर्गातली पोरं त्याला घेरायची. 'दादा, या बांगड्या टोचत नाहीत का रे?' तो 'लई टोचतात' म्हणायचा, की पोरं खाऊकडे पळायची. गोंधळ पालकांच्या रांगेत असायचा, तोही एखाद्याच्याच. (कैकेयीच्या आईला मात्र आपल्या साडीची काळजी!)

कायद्याने हा वाद मिटेल असं वाटत असेल, तर टेनेसीकडे बघा. 2023 च्या मार्चमध्ये तिथे अल्पवयीनांना दिसेल अशा ठिकाणच्या 'प्रौढांच्या' खेळांवर बंदी आली. त्यात बाईचा किंवा पुरुषाचा वेष घेणाऱ्या कलाकारांचा थेट उल्लेख होता. जूनमध्ये एका केंद्रीय न्यायाधीशाने तो कायदा मोघम आणि घटनाबाह्य ठरवला. 2024 मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला, पण दावा करणाऱ्या नाटक कंपनीला मुळात दावा करायचा अधिकारच नाही, एवढ्या मुद्द्यावर. मुलांसाठी काय योग्य, हा प्रश्न तसाच राहिला. तो घरातच सोडवायचा असतो.

तेव्हा वाचनालयात फोन करा. कुठली पुस्तकं वाचणार, कोणत्या वयोगटासाठी, आईवडिलांनी सोबत बसायचं का, हे विचारा. सरळ उत्तरं मिळाली तर मी म्हणेन, न्या. बंदोबस्त आहे का, तेही विचारा. 2022 मध्येच कॅलिफोर्नियात सॅन लोरेन्झोच्या वाचनालयात निदर्शक अशाच कार्यक्रमात आरडाओरडा करत घुसले होते. पोर घाबरेल ती त्यांना, विगला नव्हे.

हाच कार्यक्रम शाळेच्या वेळात असता, तर माझं उत्तर थोडं बदललं असतं. वाचनालयात आपण आपल्या पायांनी जातो, वर्गातून मुलाला उठून जाता येत नाही. तिथे पालकांना आधी कळवलंच पाहिजे, मग पाहुणा ड्रॅगमधला असो, नाही तर कीर्तनकार असो.

नवऱ्याला तुमच्याबरोबर यायला सांगा. एवढं करूनही तो अडूनच बसला, तर लेकीसमोर भांडण नको. या वेळी राहू द्या आणि तिला 'बाबांना ते आवडत नाही, मला चालतं' असं खरं तेच सांगा. 'तो माणूस वाईट आहे' असं मात्र तिला कुणी सांगू नये, बाबांनीही नाही.