ज्युलिएट करणार आहेस ना, मग आधी हे वाच

हुतात्मा स्मृती मंदिराच्या रंगमंचावर पहिल्यांदाच उभी राहणार आणि तीही शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधली ज्युलिएट म्हणून, तेव्हा एवढं ऐक. तिला बावळट प्रेमवेडी करू नकोस गं. पोर चौदाचीही पूर्ण नाही. रविवारी रात्री रोमिओशी भेट, सोमवारी लग्न, आणि आठवडा संपायच्या आत मरण. पण सज्जातल्या प्रवेशात नीट बघ: हे फार अचानक होतंय, विजेसारखं, असं तीच म्हणते. आणि थोड्याच वेळात लग्नाचा विषयही तीच काढते! तिला कळतंय, तरी थांबवत नाही. ही दोन वाक्यं एका सुरात म्हटलीस तर सगळी भूमिका गेली. पहिल्या वाक्याला आवाज खाली ठेव, श्वास घे, मग दुसऱ्याकडे जा.

घाई तिची एकटीचीच नाही, हेही डोक्यात असू दे. बाप घाईघाईने पॅरिस नावाच्या उमरावाशी तिचं लग्न ठरवतो, वर एक दिवस अलीकडे ओढतो. माझ्या मते खरा घात दाईच्या प्रवेशात होतो. जिने अंगावर पाजलं, तीच सांगते, पॅरिसशी लग्न कर. तिथे रडू नकोस. नुसती दाईकडे बघ. त्यानंतर ती दाईला मनातलं काहीच सांगत नाही.

मेल्यासारखं झोपवणारं औषध ती पिते, त्या प्रवेशाची तालीम खऱ्या बाटलीनेच कर, रिकाम्या हाताने नको. शेजारी खंजीर ठेवायला मात्र विसरू नकोस.