जपानी वाचता येत नसेल, तर फक्त जपानमध्येच निघालेले कोणते हँडहेल्ड गेम खेळता येतील?

तुम्ही लिहिलंय की मोठ्या भावाचा जुना निन्टेन्डो डीएस लाइट हाती आलाय, जपानी अजिबात येत नाही, आणि जपानबाहेर कधी विकायलाच न आलेले गेम खेळून बघायचे आहेत.

यंत्र तर अगदी योग्य मिळालंय. डीएसच्या खेळांना आणि त्याआधीच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या खेळांना देशाचं बंधन नव्हतं, आणि डीएस लाइटमध्ये या दोन्हींसाठी खाचा आहेत. टोकियोत विकलेलं कार्ट्रिज पुण्यातल्या डीएस लाइटमध्ये सरळ चालतं. (पुढच्या थ्रीडीएसच्या खेळांना मात्र बंधन आलं, त्यामुळे ते चुकूनही घेऊ नका.) मूळ गेम बॉयची जाड कार्ट्रिज यात बसत नाहीत, म्हणून त्या पिढीबद्दल इथे लिहीत नाही.

माझं म्हणणं एवढंच की गेम किती गाजलाय ते आधी बघू नका. तो खेळताना वाचावं किती लागतं, ते बघा. त्या हिशेबाने पहिला गेम घ्यायचा तो 'रिदम तेंगोकू'. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर ऑगस्ट २००६ मध्ये आला, संगीत जपानी पॉपमधले नावाजलेले निर्माते त्सुंकू यांचं. यात छोटे छोटे खेळ आहेत आणि सगळे कानावर चालतात. एकात तोंड असलेल्या एका भाजीवर केस उगवतात. पहिल्या आवर्तनात टक, टक, टकटक असे ते फुटतात, आणि पुढच्या आवर्तनात अगदी त्याच लयीत चिमट्याने ते उपटायचे. तबल्यातला सवाल-जवाबच म्हणा ना. मधेच एखादा केस कुरळा निघतो, तो जरा ओढून धरावा लागतो, आणि तिथेच ठेका चुकतो. स्क्रीनकडे टक लावून बसलात तर हमखास चुकाल; पायाने ताल धरलात तर जमेल. लयीचा इतका शुद्ध आनंद देणारा दुसरा गेम मला माहीत नाही.

त्याच्या जोडीला डीएसवरचा 'ओस्सु! ताताकाए! ओएन्दान' (जुलै २००५). काळे गणवेश घातलेलं पुरुषांचं एक चिअर पथक अडचणीत सापडलेल्या माणसांसाठी जीव तोडून नाचतं: परीक्षेचा धसका घेतलेला मुलगा, गिऱ्हाईक तुटलेला रामेनवाला, भर गाडीत पोट बिघडलेला व्हायोलिनवादक. तुम्ही स्टायलसने आकडे असलेल्या गोलांवर टिचकी मारायची, बाहेरचं कडं आकसत येऊन गोलाला भिडतं त्याच क्षणी. गोष्ट कॉमिकसारखी वरच्या स्क्रीनवर चालते, शब्द न कळता सगळं कळतं. गाणी तिकडच्या लोकप्रिय रॉक-पॉपमधली, त्यामुळे हा गेम तसाच्या तसा बाहेर नेण्याऐवजी त्याच मंडळींनी २००६ मध्ये इंग्रजी गाण्यांचा 'एलिट बीट एजंट्स' काढला. तोही चांगला आहे, पण ओएन्दानमधला आवेश त्यात नाही. पीसीवरचा 'ओसू' तुम्ही खेळला असाल, तर त्याचं मूळ हेच.

२००६ मध्येच आलेली 'बिट जनरेशन्स' ही सात छोट्या खेळांची मालिकाही वाचनाशिवाय खेळता येते. त्यातला 'साउंडव्हॉयेजर' हेडफोन लावून खेळा. आवाज डावीकडून येतोय की उजवीकडून हे ओळखून त्याच्या खाली जायचं. हळूहळू स्क्रीनवरचं दिसणं कमी होतं आणि शेवटी तुम्ही डोळे मिटूनच खेळता.

मारामारीचा हवा असेल तर 'जम्प अल्टिमेट स्टार्स' (डीएस, २००६). 'शोनेन जम्प' साप्ताहिकातली पात्रं एकत्र, आणि खालच्या स्क्रीनवर मांगाच्या (जपानी कॉमिकच्या) चौकटी मांडून आपला संघ बनवायचा. मेनू चाचपडावे लागतील, लढाई आपोआप उमगते. हा जपानमध्येच का राहिला हे उघड आहे: एकेका मालिकेचे परदेशातले हक्क वेगवेगळ्या कंपन्यांकडे, ती मोट बांधणार कोण?

'मदर ३'चं प्रकरण वेगळं. शिगेसातो इतोईंचा हा गेम आधी निन्टेन्डो ६४ साठी होणार होता, तो २००० मध्ये रद्द झाला, आणि शेवटी एप्रिल २००६ मध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आला. तोवर डीएस येऊन वर्ष उलटून गेलं होतं. २०२४ मध्ये तो निन्टेन्डोच्या ऑनलाइन सेवेत आला, तोही फक्त जपानमध्ये. एका कुटुंबाची आणि एका गावाची ही गोष्ट आहे, त्यामुळे भाषेशिवाय ती खेळू नका. निम्मं काळीज तिथेच राहील. चाहत्यांनी क्लाइड मँडेलिन यांच्या पुढाकाराने २००८ मध्ये पूर्ण इंग्रजी भाषांतर करून फुकट दिलं, आणि ते अतिशय जीव लावून केलेलं आहे. 'फायर एम्ब्लेम: फूइन नो त्सुरुगी' (२००२) हाही असाच. त्याचा नायक रॉय 'स्मॅश ब्रदर्स मेले' या मारामारीच्या गेममधून २००१ मध्येच जपानबाहेर पोचला, त्याचा स्वतःचा गेम मात्र जपानातच राहिला. बाहेरच्यांना २००३ मध्ये मिळाली ती त्याच्या वडिलांच्या तरुणपणीची गोष्ट. 'ग्याकुतेन केन्जी २' (डीएस, २०११) जपानीत घेऊ नका, सगळा खेळ साक्षी-पुराव्यांच्या वाचनावर आहे. त्याची अधिकृत इंग्रजी आवृत्ती २०२४ मध्ये आली आहे.

पुढेमागे थोडं वाचायची इच्छा झालीच, तर हिरागाना-काताकाना या जपानीच्या दोन सोप्या लिप्या शिकून घ्या. आपल्याला ते अवघड नाही: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना हा त्यांचा क्रमच मुळात संस्कृत वर्णमालेवरून गेलेला आहे. मग 'देन्सेत्सु नो स्ताफी' लावा. पाण्यात गिरक्या घेणाऱ्या चांदणीचा हा गेम आहे. पहिले चार भाग फक्त जपानमध्ये निघाले, तीन अ‍ॅडव्हान्सवर, चौथा डीएसवर.

घेताना एक सांभाळा. अ‍ॅडव्हान्सच्या कार्ट्रिजमध्ये डुप्लिकेट मालाचा सुळसुळाट आहे. खालच्या फटीतून आत बघा: अस्सल कार्ट्रिजच्या सर्किट बोर्डवर, सोनेरी पट्ट्यांच्या वर, निन्टेन्डोचं नाव छापलेलं असतं. लेबल उजेडात तिरकं धरलं की त्यावर दाबून उमटवलेला बारीक आकडा दिसतो. आणि 'मदर ३'चं इंग्रजी कार्ट्रिज कुणी ओरिजिनल म्हणून दाखवलं, तर फट बघायचीसुद्धा गरज नाही. निन्टेन्डोने ते कधी काढलेलंच नाही.